पहिला तास नैवेद्याचा

मीठ जास्त झाल्याचं मला पहिल्यांदा सांगितलं ते आमच्याच बिल्डिंगमधल्या मेहताकाकांनी. सकाळी साडेसातला डबा घेऊन गेलेला माणूस आठच्या आत परत आला, डबा काउंटरवर आपटला आणि म्हणाला, "बेन, भाईंदर की पूरी खाडी इसी में डाल दी क्या?"

आता माझी ख्याती अशी की, माझ्या भाजीला कुणी नाव ठेवलं तर मी त्याला सहजासहजी दुकानाची पायरी उतरू देत नसे. मीठ जास्त का, मग काल कमी होतं तेव्हा का नाही बोललात, आणि परवा दोनदा आमटी मागून नेलीत ती काय म्हणून? त्या दिवशी मात्र मी "सॉरी काका, दुसरी देते" एवढंच म्हटलं आणि स्टुलावर बसून राहिले. मेहताकाकाच घाबरले. "तबियत ठीक है ना, बेन?" आत पोळपाटावरचे हात थांबले. वेणूबायनं पडद्यातून डोकं बाहेर काढून पाहिलं आणि आतल्या बायकांना म्हणाली, "बाई भांडल्या न्हाईत. कायतरी गडबड हाय."

पूनम सागर वसाहतीत आमचं पोळी-भाजी केंद्र होतं. पाटीवर पोळी. घरी आम्ही चपातीच म्हणतो; आमच्या देवरुखकडे पोळी म्हटली की पुरणाचीच समजतात. पण पाटी रंगवणारा म्हणाला, ताई, पोळी लिहा, बरं दिसतं. तळमजल्याला गाळा, दुसऱ्या मजल्यावर घर. ह्यांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा हातात जे आलं त्यातून तो गाळा घेतला आणि मी कंबर कसली. हे स्कूटरवरून डबे पोचवायचे. मी, वेणूबाय आणि लाटायला दोघीतिघी, एवढाच आमचा कारखाना.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोळी-भाजीच्या धंद्यात पोळीचं महत्त्व. तसं काही नसतं हो. लाटणाऱ्या बायका मिळतात. गिऱ्हाईक बांधलं जातं ते भाजीच्या चवीनं, आणि ती चव रोज तीच लागावी लागते. हॉटेलात माणूस कधीमधी जातो, वेगळं लागलं तर कौतुक करतो. आमच्याकडे तो रोज येतो. गेल्या सोमवारची मटकी आणि ह्या सोमवारची मटकी यांत फरक पडला की त्याला आपल्याला कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं. म्हणून चव बघणं हे मालकिणीचं काम. ते मी कधी कुणाला दिलं नाही. पातेल्यात डाव घालायचा, डाव्या तळहातावर थोडंसं घ्यायचं, चाटायचं, हात पुसायचा, पुढचं पातेलं. आमटी, उसळ, दोन भाज्या, कांदा-लसणाशिवायची जैन भाजी वेगळी. शिवाय बायकांचा चहा. त्यात साखर कमी पडली तर सगळ्याजणी दिवसभर तोंडं पाडून पोळ्या लाटतात, म्हणून तोसुद्धा मीच चाखून बघायची.

मेहताकाकांच्या त्या डब्यानंतर रोज कुणी ना कुणी काहीतरी बोलायला लागलं. खारट. अळणी. कालच्यापेक्षा वेगळी. मला मात्र सगळं सारखंच लागत होतं, जिभेवर जाडसर कापड पसरल्यासारखं. आणि ती एकटी जीभच नव्हती. अंगच माझं राहिलं नव्हतं. दोन जिने चढताना मध्ये बसावं लागायचं. ऐन मे महिन्यात, चार शेगड्या पेटलेल्या असताना मी स्वेटर घालून उभी. आवाज घोगरा झालेला, चेहरा सुजलेला, कणीक मळताना हात जड. खाणं होतं चिमणीएवढं आणि ब्लाउज मात्र सगळे उसवून घ्यावे लागले. दुपारी पडले की संध्याकाळ झालेली कळायची नाही. शेजारणी म्हणायच्या, वय झालं. ह्यांची बहीण म्हणाली, दृष्ट लागलीय, मीठमोहरी ओवाळून टाक. म्हटलं, मीठच तर जास्त होतंय, अजून कुठे ओवाळू?

आमच्या संदीपचं म्हणणं वेगळं होतं. तो तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. "आई, बस झालं आता. एक मोबाईलवाला गाळा भाड्यानं मागतोय. महिन्याच्या महिन्याला भाडं घे आणि आराम कर." पोरगा वाईट नव्हता, आईची दशा बघवत नव्हती त्याला. पण मला ते ऐकवत नसे. चार घरच्या बाया माझ्या एका तव्याभोवती उभ्या होत्या, आणि मीसुद्धा त्या गाळ्यातच माणूस झाले होते. त्याआधी मी फक्त ह्यांची बायको होते.

शेवटी संदीपनंच ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण चेहरा बघूनच तिनं ओळखलं असावं. रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट बघून म्हणाली, "मावशी, तुमचं थायरॉईड कमी पडतंय." गळ्यात एक ग्रंथी असते म्हणे, ती सगळ्या शरीराचा वेग ठरवते. मी म्हटलं, म्हणजे रेग्युलेटर. सिलिंडर भरलेला आहे, पण रेग्युलेटर बारीक झालाय, म्हणून शेगडी पेटते पण भात शिजत नाही. डॉक्टरीणबाई हसली. म्हणाली, अगदी तसंच, आणि चव कमी लागणंसुद्धा काही जणांना ह्यामुळेच होतं. एक बारीकशी गोळी दिली. सकाळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि मग तासभर पोटात काही जाता कामा नये. चहासुद्धा नाही. रोज, न चुकता, आणि बहुतेक जन्मभर.

मी कशाला चुकतेय? गोळ्यांची बाटली खाली गाळ्यात मसाल्याच्या फळीवर ठेवली आणि सगळ्यांना जाहीर केलं, "मी गोळी घेतली की तासभर मला कुणी काही खायला द्यायचं नाही." पहाटे खाली उतरायचं, गोळी घ्यायची, पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं. नाश्ता, चहा, सगळं तासानंतर. अगदी काटेकोर.

आणि फरक काही पडेना. डॉक्टरीणबाईनं पुन्हा रक्त तपासलं, कपाळाला आठी घातली, गोळीची ताकद वाढवली. पुन्हा तपासलं. पुन्हा आठी. "मावशी, खरंच उपाशीपोटी घेता ना?" म्हटलं, देवाशपथ. ती म्हणाली, "मग आणखी काही आहे का ते बघायला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल." ते ऐकून मला रडूच आलं. घरी आल्यावर संदीप म्हणाला, "आई, आता मी ऐकणार नाही. नवरात्रापर्यंत थांबू. तोवर तू उभी राहिलीस तर फराळाच्या ऑर्डरी घे. नाहीतर गाळा द्यायचा." आमच्या धंद्यात वर्षाची खरी कमाई दिवाळीच्या फराळाची, आणि त्याची तयारी नवरात्रात सुरू होते. ज्या बाईला करंजीतलं सारण गोड झालं की नाही हे कळत नाही, तिनं फराळ काय करायचा? मी हो म्हटलं. वाद घालायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

आता वेणूबायबद्दल सांगते. ती भाईंदरजवळच्या राई गावची. घरची भातशेती होती, तिच्या निम्म्यावर बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि उरलेल्या निम्म्यावरून भावाभावांत कज्जा. नवरा पांगळा होऊन घरात. उत्तनहून भाईंदरला मासळी आणणारा टेम्पो तिच्या पुतण्याचा, त्यात पहाटे ती पुढे बसून यायची आणि तिथून रिक्षा. आल्या आल्या आधी मोरीत शिरून हातपाय घासून धुवायची आणि लुगडं बदलायची, कारण आमची निम्मी गिऱ्हाइकं गुजराती नाहीतर जैन, आणि मासळीचा वास मेहताकाकांच्या नाकाला तिसऱ्या मजल्यावर लागायचा. अंगानं काटक, बोलणं कमी, पण एकदा बोलली की समोरच्याला उत्तर सुचत नसे. गावाच्या देवीच्या उत्सवाला शेकडो पानांचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांत ती पुढारी. इतकं असून माझ्याकडे तिनं फोडणी कधी दिली नाही. फोडणी आणि चव माझी, चिरणं-निवडणं-ढवळणं तिचं, असं मीच ठरवून ठेवलेलं.

श्रावणातला सोमवार होता. माझा उपास. गोळी घेतली, पाणी प्यायले, आमटीला उकळी आली आणि सवयीनं डाव उचलला. हात तोंडाशी नेणार तेवढ्यात वेणूबायनं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट.

"बाई, उपास हाय ना आज?"

"अगं, मी खात नाहीये. चव बघतेय."

"चव बगितली तर उपास मोडतो का न्हाय?"

"मोडतो म्हणजे... मोडतोच की. म्हणून तर श्रावणी सोमवारी मी न चाखता अंदाजानंच मीठ टाकते. आज विसरले."

तिनं मनगट सोडलं नाही. फळीवरच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "मंग त्या गोलीचा उपास कसा मोडत न्हाय?"

मी अशी चिडले म्हणता! म्हणजे त्या काळात जेवढं चिडता येत होतं तेवढी. "मी सकाळी एक घास तरी खाते का गं? तूच सांग!"

"घास न्हाय खात. पन आमटी चाटता, उसल चाटता, जैनांची भाजी चाटता. मीठ कलत न्हाय म्हनून परत चाटता. परत मीठ टाकता, परत चाटता. वर चहाचे घोट, साखर बगायला. माजी नातसुद्धा एवढं जेवत न्हाय, बाई."

बाकीच्या बायका खाली मान घालून लाटत होत्या. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. दिसत नव्हतं ते एकट्या मला. स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारून बघा तुम्ही, दिवसभरात काय खाल्लं? ती म्हणेल, काही नाही. तिच्या हिशेबात चव बघणं हे कामात जमा असतं, खाण्यात नाही. डॉक्टरीणबाईला मी खोटं सांगितलं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. आणि गंमत बघा, जीभ मेली म्हणून मी दुप्पट चाखायची, दुप्पट चाखायची म्हणून गोळी लागू पडत नव्हती, आणि गोळी लागू पडत नव्हती म्हणून जीभ मेलेलीच.

डॉक्टरीणबाईला सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "मी तुम्हाला खाण्याचं विचारत होते हो मावशी! तुमचा धंदाच चाखायचा, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?" म्हणाली, तासभर आधी उठा आणि गोळी घ्या. पण जिला चारला उठवत नव्हतं ती तीनला कुठून उठणार? आणि पहिल्या तासात चाखायचं नाही तर निम्मा स्वयंपाक चवीशिवायच बाहेर जाणार. मी गाळ्यात येऊन डोकं धरून बसले. वेणूबाय समोर मेथी निवडत होती.

"तुमी गनपतीच्या नैवेद्याची चव बगता?"

"छे! नैवेद्य उष्टा कसा करायचा?"

"तरी मोदक चांगलं व्हतात ना? मंग पयला तास नैवेद्याचा समजा. देवाचं हाय, कोनी चाखायचं न्हाय. मीठ मी टाकते."

"आणि बिघडलं तर?"

"आतापरेंत काय कमी बिघडलंय, बाई?"

दुसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि डाव तिच्या हातात दिला. इतकी वर्षं मी तो कुणाच्या हाती दिला नव्हता.

मग मी नुसती बघत बसले, आणि बघता बघता थक्क झाले. ही बाई पातेल्यावर वाकायची, डोळे मिटायची आणि वास घ्यायची. मीठ चमच्यानं नाही, मुठीनं. टाकून झाल्यावर ढवळून पुन्हा वास. मी विचारलं, मिठाला काय वास असतो गं? म्हणाली, "मिठाला न्हाय. मीठ पडल्याव बाकीच्याचा वास उठतो. अलनी आमटी मुकी रव्हते." आमटीचा रंग, तर्री कुठल्या कडेला जमते, बुडबुडे फुटताना आवाज जाड येतो की बारीक, एवढं सगळं ती बघायची. देवीच्या उत्सवात शेकडो पानांचं जेवण कुणी न चाखता वाढायचं म्हणजे चुकायची सोयच नसते. तिथे शिकली होती. मला वाटायचं, चव माझ्या जिभेत आहे. इथे एक बाई नाकानं आणि कानानं चव बघत होती, आणि मी तिला इतकी वर्षं कांदा चिरायला बसवलं होतं.

आठवडाभर डबा परत आला नाही. मेहताकाका तर एके दिवशी येऊन म्हणाले, "बेन, हाथ वापस आ गया आपका!" मनात पटकन आलं, गप्प बसावं. पण म्हटलं, "काका, मेरा नहीं, वेणूबाय का हाथ है." त्यांनी आत डोकावून तिला नमस्कार केला. ती लाजून पिठाच्या डब्यामागे.

एक तास झाला की मात्र माझा मान मला मिळायचा. वेणूबाय आमटीची छोटी वाटी माझ्यापुढे धरायची. "बगा बाई, जमलीय का?" मी चाखायची आणि म्हणायची, "फक्कड!" ती वाटी घेऊन मोरीकडे जायची. हे रोजचंच झालं.

ताकद कधी परत आली हे सांगता येत नाही, ती पावलं न वाजवता आली. आधी स्वेटर गेला. मग एक दिवस वर घरी पोचले तेव्हा लक्षात आलं की मध्ये बसलेच नाही. आवाजातली घरघर कमी झाली. दुपारी डोळा लागायचा, पण आपोआप उघडायचाही. सगळ्यात जोरात परत आला तो राग. एका बाईनं पोळी करपवली आणि मी म्हटलं, "डोळे काय पर्समध्ये ठेवून आलीस?" तर बाकीच्या एकमेकींना कोपरानं ढोसून हसायला लागल्या. डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं, आकडा उतरला होता, आठी गेली होती. तरी जीभ अजून अर्धवटच आहे असं मला वाटत होतं आणि नवरात्र तर दाराशी आलेलं. संदीप काही बोलत नव्हता, पण मोबाईलवाला दोनदा गाळा बघून, टेप लावून गेला होता.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तास केव्हाच उलटला होता; सकाळच्या गडबडीत वेणूबायनं वाटी पुढे केली तेव्हा साडेसात झाले होते. मी तोंडाला लावली आणि थू करून टाकली.

"अगं बाई! वेणू, मीठच नाही की ह्यात! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अळणी, शुद्ध अळणी! डबे कुठायत?"

"डबं गेलं," ती म्हणाली.

बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज. मी एप्रन तसाच, हाताला पीठ तसंच, आणि निघाले. फूटपाथ, भाजीवाला, गायीला चारा घालणारी बाई, सगळं ओलांडून भर रस्त्यानं स्कूटरमागे. नवऱ्याचं नाव आयुष्यात घेतलं नाही, तिथे कुठून घेणार? "अहो! अहो, थांबा! अहो!" करत ओरडत सुटले. रस्त्यातले चार पुरुष वळून बघायला लागले. वळले नाहीत ते फक्त आमचे. शेवटी नाक्यावर रिक्षा आडवी आली म्हणून हे थांबले आणि मी स्कूटरचं हँडल गाठलं.

"मीठ नाहीये आमटीत! एक डबा द्यायचा नाही! चला मागं!"

तेवढ्यात संदीप ऑफिसला निघालेला, बाईक बाजूला लावून उतरला. "आई," तो म्हणाला, "तू धावत आलीस?"

"धावू नको तर काय करू? अळणी डबे चाललेत लोकांच्या घरी!"

मागून वेणूबाय धापा टाकत आली, हातात तीच वाटी. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "डब्यात मीठ हाय, बाई. बराब्बर हाय. फकस्त वाटीत न्हाय."

"म्हणजे?"

"तुमची वाटी मी रोज मीठ टाकायच्या आदी काडून ठेवते. श्रावनापासून. बगत व्हते तुमाला कदी कलतंय. रोज तुमी फक्कड म्हनायच्या, आनि मी मोरीत जाऊन रडायची. आज पयल्यांदा शिव्या दिल्या तुमी मना."

मी ह्यांच्या स्कूटरवरचा एक डबा उघडला, बोट बुडवलं आणि चाखलं. हिंग, गूळ, आमसूल, आणि मीठ जिथे हवं तिथे. भर नाक्यावर मी वेणूबायच्या गळ्यात पडले, पिठाच्या हातांनी तिचं लुगडं पांढरं केलं आणि दोघी अशा रडलो की रिक्षावाल्यानं ह्यांना विचारलं, "घर में कुछ हुआ क्या, साब?"

संदीप खिशातून मोबाईल काढत होता. "कुणाला लावतोयस?" मी विचारलं.

"त्या मोबाईलवाल्याला. गाळा द्यायचा नाही म्हणून सांगतो."

"सांग," मी म्हटलं, आणि वेणूबायकडे वळले. "आणि तू रडत काय उभी राहिलीस? चकलीची भाजणी भाजायला घ्यायचीय. आणि उद्यापासून फोडणीही तूच दे, मीठही तूच टाक. चव मी बघीन, तास झाल्यावर."